बाईंची मांडणी, सुंद्रीचा टाका

घरी कुणी आले की बाई आधी कपड्याकडे पाहत, चेहऱ्याकडे नंतर. पदराचे टोक चिमटीत धरीत, अंगठ्याने हलकेच चोळीत आणि डोळे मिटून जणू कापडाचे म्हणणे ऐकून घेत. "अजून कोरी आहे. नेसा, धुवा, मऊ होऊ द्या, मग मला आणून द्या," असे सांगून तो पदर परत करीत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या निळ्या साडीचे भवितव्य असे ठरून गेले.

बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. गल्लीत त्यांची ओळख मात्र 'गोधडीच्या बाई' अशीच. सोलापूरच्या नवी पेठेतल्या घरांतून जुन्या लुगड्यांची गाठोडी येत. धुऊन अंगणातल्या दोरीवर ती सुकू लागली की साबणाचा, उन्हाचा आणि कुणाच्या तरी पेटीतल्या कापराचा संमिश्र गंध माझ्या खिडकीपर्यंत चढे. वळसंगहून त्यांची धाकटी बहीण सुंद्राबाई येई. दोघी फरशीवर तुकडे मांडीत आणि भांडत. मांडणी बाईंची, टाका सुंद्राबाईचा, असा त्यांचा लहानपणापासूनचा करार होता.

पुढे सुंद्राबाईचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना. इकडे बाईंच्या हाताला कंप सुटला. त्यांनी मांडलेले तुकडे त्यांच्याच बोटांना लागून विस्कटत. "तुम्ही एकट्यानेच करा ना एखादी, शिवायला कुणी मिळेल," मी एकदा म्हणाले. बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही अभद्रच बोलले होते. "दुसरीचा हात लागणार नसेल तर गोधडी कशाला? सोलापुरात चादरी काय कमी आहेत?"

मग त्यांनीच तोड काढली. संगणकावर गोधडीची मांडणी करता येते, असे त्यांनी कुठे तरी वाचले होते. मांडणी इथे करायची, चित्र सुंद्राबाईच्या सुनेच्या मोबाइलवर धाडायचे. माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि उपवर मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी आम्ही सॉफ्टवेअरे पाहू लागलो.

पहिले परदेशी, देखणे. त्यात तारे होते, कमळे होती, सगळी एका मापाची. बाईंनी आईच्या इरकली लुगड्याचा फोटो त्यात घातला. वापरून वापरून विझत आलेला तो जांभळा रंग पडद्यावर एकदम चकचकीत झाला. "आईला पावडर फासली की यानं!" म्हणत बाईंनी ते स्थळ मोडले. दुसरे अगदीच साधे. फोटो घ्यावा, हवा तसा कापावा, हवा तिथे ठेवावा; पुढे काही बोलणे नाही. "मुकं आहे," बाई म्हणाल्या. तिसरे मात्र त्यांना भावले. ते रंग जसाच्या तसा ठेवी, प्रत्येक तुकड्याचे माप स्वतःच लिहून देई. थरथरत्या हाताला पट्टी धरावी लागणार नव्हती. त्या दिवशी बाईंनी शिरा केला.

आईच्या लुगड्याची गोधडी त्या सॉफ्टवेअरवर मांडून वळसंगला गेली. काही दिवसांनी सुंद्राबाईचा फोन आला. मी शेजारीच होते.

"आक्का, कापड पुरंना! मदी भोक ऱ्हायलंय."

"पुरत नाही कसं? माप मशीननं काढलंय."

"मापापरमानंच कापलं की. शिलाईला बोटभर सोडून."

बाई पडद्याकडे वाकल्या. मापाखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की शिलाईची जागा यात धरलेली आहे. आजवर बाई नुसते चौकोन सांगत आणि बोटभर जागा सुंद्राबाई आपणहून सोडी. तिने याही वेळी सोडली होती; म्हणजे जागा दोनदा धरली गेली. तुकड्यागणिक लुगडे वाया गेले होते आणि आईचे दुसरे लुगडे उरले नव्हते. बाईंनी फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला.

गोधडी आली तेव्हा मधले भोक बुजलेले होते. सुंद्राबाईने आपल्या अंगावरच्या पातळाचा काठ फाडून तिथे बसवला होता. बाई त्या काठावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. मग म्हणाल्या, "ते मुकं कुठं गेलं? तेच घ्या. जागा सोडणं हे सुंद्रीच्या बोटांचं काम. मी ते मशीनला का देऊन बसले?"

त्या मुक्या सॉफ्टवेअरवर पुढच्या साऱ्या गोधड्या झाल्या. बाई एका हाताने दुसरा हात धरून माऊस हलवीत आणि फोनवर भांडण रंगे. "पिवळा नगं आक्का, लई डोळ्यात घुसतोय." "घुसू दे, थंडीत बरा वाटतो."

गेल्या पौषात बाई गेल्या. तेरावे झाल्यावर सुंद्राबाईने मला खाली बोलावले. मुलाच्या जीपमधून आली होती. गुडघ्यांवर तळवे दाबून बाईंच्याच खुर्चीवर बसली होती. "ताई, तुमचं ते उगडा की. आक्कानं शेवटचं काय मांडलंया, बगू द्या."

मी लॅपटॉप उघडला. मांडणी जवळजवळ पुरी होती. फक्त खालचा एक कोपरा पांढरा राहिला होता. सुंद्राबाईने पडद्याला बोट लावले, काच गार लागली तशी मागे घेतले.

"इथं काय घालायचं?" मी हळूच विचारले.

"आक्कानं लालच म्हटलं असतं." पदराने तिने डोळे टिपले आणि एकाएकी हसली. "हिरवा घाला. भांडायला तरी यील."