पाच सह्यांची फारकत

लग्न मोडणं ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे, असं आमच्या समाजाच्या अध्यक्षांनी स्टँप पेपरवर हात ठेवून सांगितलं. मग त्यांनी दाराकडे बघून विचारलं, "आलूबोंडे आले का?"

दुर्गजवळच्या वैशाली नगरातल्या समाजभवनात त्या दिवशी माझी फारकत झाली. एका बाजूला पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले माझे बाबा, दुसऱ्या बाजूला त्याच प्लांटमध्ये नोकरीला असलेला माझा नवरा आणि मध्ये पाच पंच. दोन वर्षांच्या संसारात आमचं दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, की तो संपवावा. त्यामुळे पंचांना माझ्याविषयी दहा मिनिटंच बोलावं लागलं. पहिली सही कोणाची, यावर मात्र पाऊण तास गेला.

"पोरी, आता तू मोकळी झाली," अध्यक्षकाका म्हणाले. "कोर्टात जाऊन समाजाची इज्जत कावून घालवाची?"

बाबांनी दुसऱ्याच दिवशी तो कागद लॅमिनेट करून आणला. आमच्या घरात महत्त्वाचा कागद लॅमिनेट होतो. माझी दहावीची मार्कशीट आणि बाबांचं निवृत्तीचं मानपत्र यांच्यामध्ये माझी फारकत ठेवली गेली.

तीन वर्षांनी अहिवाऱ्याजवळच्या एका सरकारी शाळेत माझी निवड होत आली होती. वयाची अट मी ओलांडली होती, पण घटस्फोटित बायकांना त्यात सूट होती. कागद तपासणाऱ्या बाबूने माझं लॅमिनेशन उन्हात धरून पाहिलं.

"मैडम, ये क्या है?"

"तलाक का कागज़."

"ये तो पंचायत है. कोर्ट की डिक्री लाइए. शनिवार तक."

तो मंगळवार होता. जागा गेली. आणि घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, की ज्याचं तोंड मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याची मी अजून कायदेशीर बायको आहे. मला किळस आली. नवऱ्याची नव्हे, त्याचा यात काही दोष नव्हता. त्या पाच सह्यांची. प्रत्येक सहीखाली दोन-दोन रेघा ओढलेल्या होत्या.

दुर्गला एक वकीलबाई गाठली. तिने न हसता ऐकून घेतलं; असे कागद ती आठवड्याला एखादा पाहत असावी. रूढीने झालेली फारकत कायदा मानतो, ती म्हणाली, पण तशी रूढी आहे हे आधी कोर्टात सिद्ध करावं लागतं. तुमचे अध्यक्ष येतील साक्षीला? मी अध्यक्षकाकांना विचारलं. त्याच आठवड्यापासून त्यांचे गुडघे दुखू लागले.

मग उरला दोघांच्या संमतीचा रस्ता. निदान वर्षभर वेगळे राहिल्याचं दाखवायचं, एकत्र अर्ज करायचा, जबाब द्यायचे, सहा महिने थांबायचं आणि पुन्हा जाऊन सांगायचं, की अजूनही नको आहे. लग्न मोडायला कायदा सहा महिने विचार करू देतो. लग्न ठरवताना मला पोहे गार होईपर्यंतचा वेळ मिळाला होता.

नवरा रुआबांध्याला राहत होता. मी फोन केला.

"आता कावून कोर्ट?" तो वैतागला. "झालं ना आपलं! माझं तं दुसरं लग्न जमून राहिलं."

"म्हणून तं सांगून राहिली. तू अजून माझाच नवरा आहे. दुसरं केलं तर गुन्हा होईन."

तो म्हणाला, "कोर्ट किती वाजता उघडते?"

समुपदेशनाच्या खोलीत एका बाईंनी आम्हाला सात जन्मांचं बंधन समजावलं. हा कितवा, ते त्यांनी विचारलं नाही. "एक बार और सोच लीजिए," त्या म्हणाल्या. नवरा घाईघाईने म्हणाला, "मॅडम, सोच लिया. लड़कीवाले रुके हुए हैं." त्यानंतर आम्हाला कोणी समजावलं नाही.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा उभे राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? आम्ही दोघांनी नाही म्हटलं. वेगळे कधीपासून राहता, याचा काही कागद आहे का? वकीलबाईने माझ्या पिशवीतून लॅमिनेशन काढलं. नस्तीला लावण्यासाठी कोर्टातल्या बाबूने त्याला पंचिंग मशीनने भोक पाडायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा झेरॉक्स लावली आणि मूळ कागद वर पाठवला.

मी अध्यक्षकाकांच्या सहीकडे बघत होते. ती पहिली होती आणि सर्वांत मोठी. न्यायाधीशांनी ती वाचली नाही. उरलेल्या चारही वाचल्या नाहीत. त्यांनी कागद उलटला. मागे स्टँप विकणाऱ्याचा जांभळा शिक्का होता, आणि त्यावर तारीख होती. तेवढी त्यांनी लिहून घेतली.