उन्हानं फुटलेला घोळणा

कोकेनविरुद्धच्या सभेत मी कोकेन घेणाऱ्या पोरालाच व्यासपीठावर बसवलं आणि 'आदर्श तरुण' म्हणून त्याच्या गळ्यात हार घातला. हसा. मीही हसते, पण दात आवळून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. खळ घातलेली साडी, छातीवर बिल्ला, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं ही खात्री. धुळ्याच्या एका कॉलेजातल्या उन्हाळी शिबिरात व्यसनांवर माझं भाषण ठरलं. गावठी दारूवर कुणीही बोलतं, म्हणून मी कोकेन निवडलं. शब्द भारदस्त वाटला, दुसरं कारण नाही. पेंटरकडून चित्र करून घेतलं: जटा वाढलेला, फाटक्या कपड्यांतला, डोळे खोल गेलेला माणूस. कोकेन घेणारा असाच दिसतो, हे पेंटरला मीच सांगितलं. मला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

त्याच मे महिन्यात नणंदेचा मुलगा मुंबईहून आला. चोवीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा शर्ट, मोठ्या कंपनीत नोकरी. एरंडोलजवळच्या खेड्यातून नणंदही आली. मी खापरावरचे मांडे केले, आमरस काढला. पोरानं अर्धा मांडा चिवडला आणि उठला. बोलायला लागला की थांबेना. मी म्हटलं, केवढा हुशार! सारखं नाक ओढायचा. मी ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली. एकदा नाकातून रक्त आलं. आता खानदेशात मे महिन्यात घोळणा फुटला, तर डॉक्टरकडे कोण जातं? डोक्यावर पाणी थापायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचा. मीही धरला.

नणंद म्हणाली, "वहिनी, पोऱ्याले भूक नही, नींद नही. काय शे हे बठ्ठं?" हे सगळं काय आहे, हे तिनं मलाच विचारलं.

"अक्का, मुंबईची माणसं झोपत नसतात," मी तिला शहाणपण शिकवलं.

धुळ्याला 'आदर्श तरुण' म्हणून त्यालाच सोबत नेलं. एसटीत चित्राची गुंडाळी त्याच्याच मांडीवर होती. मी चित्र उंच धरून बोलत असताना शेजारच्या खुर्चीत हार घालून बसलेल्या पोराचा घोळणा पुन्हा फुटला. मी भाषण थांबवून पदरानं त्याचं नाक पुसलं आणि माइकवरून सांगितलं, "ऊन लागलं हो पोराला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा मामीला टाळ्या!

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी त्याच्या हातातून सुटली आणि तो छाती धरून कोसळला. दवाखान्यात डॉक्टरांनी बाहेर येऊन सरळ विचारलं, "कोकेन घेतो का?"

मी चवताळले. "आमच्या घरातला मुलगा आहे!"

"बाई, हृदयाचा झटका आहे. चोविसाव्या वर्षी. ती पूड घर बघून आत शिरत नाही."

पोरगं वाचलं. पण घरच्या पुरुषांनी लगेच ठरवलं, बाहेर 'ऊन बाधलं' म्हणून सांगायचं. मंडळातली एक बाई म्हणाली, मोठ्या लोकांचा शौक असतो तो. शौक? पुढे कळलं, पहिल्यांदा त्याच्या साहेबानंच पार्टीत फुकट दिली होती, कौतुकानं, प्रसाद द्यावा तशी. खेड्यात कुणी असं विष वाटलं असतं तर लोकांनी गाढवावरून धिंड काढली असती. मुंबईत त्याला साहेब म्हणतात! आणि आम्ही इकडे जटावाले रंगवत बसलो. ते चित्र मी चुलीत घातलं. ऊन बाधलं हे मात्र एकदा मीही शेजारणीला सांगितलं, आणि त्याची लाज मला हारापेक्षा जास्त वाटते.

पोरगं उठून बसायला लागलं, तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले, "अरे, एका शब्दानं तरी बोलायचं होतंस मला!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "मामी, तू ते चित्र वर धरलंस ना, तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तू नाक पुसलंस."