हळदीच्या दुसऱ्या दिवशी दिलेलं रक्त

रिपोर्ट वाचण्याइतकी अक्कल आपल्याला आहे, असा माझा पक्का समज होता. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करण्यात आयुष्य गेलं, कागदाला मी घाबरत नाही. एचआयव्हीची औषधं सुरू होऊनही इतकी वर्षं झाली, की औषधं मिळतात त्या केंद्रावर तपासणीचं रक्त द्यायला जाणं मला लाइटबिल भरण्यासारखं वाटायचं. त्यात किडनीचीही तपासणी असते. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा येतो, तो माझा कायम पॉइंट नऊच्या आसपास. मी तो बघायचे आणि कागद पिशवीत टाकायचे.

त्या दिवशी तो एक पॉइंट चार होता.

नवरा गेल्यापासून पनवेलच्या घरात मी एकटीच. मग काय, फोन हातात घेतला आणि शोधत बसले. मी घेते त्या गोळीतलं एक औषध काही जणांच्या किडनीला त्रास देऊ शकतं, असं तिथे लिहिलं होतं. ‘काही जणांच्या’ आणि ‘देऊ शकतं’ हे शब्द मला दिसलेच नाहीत. किडनी गेली, एवढंच मी वाचलं. रात्रीच्या जेवणाआधी गोळी घ्यायची वेळ झाली, तेव्हा ती तळहातावर ठेवून मी तिच्याकडे बघत उभी राहिले. हिनेच मला जगवलं आणि आता हीच मला आतून खाते आहे. चार दिवस बंद ठेवू, किडनीला जरा विश्रांती मिळेल, असं मी ठरवून टाकलं. रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वहिनी, गव्हाणच्या माझ्या थोरल्या भावाची बायको. तिच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं, त्याचे लाडू घेऊन आली होती.

या वहिनीबद्दल सांगायलाच हवं. माझा आजार घरात फक्त तिला आणि भावाला माहीत. तो कळला तेव्हापासून तिने मला पंगतीत बसवणं बंद केलं. तोंडाने कधी वावगं बोलली नाही, पण घरचं कार्य असलं की माझं जेवण डब्यात भरून पनवेलला पाठवायची. डबा गच्च भरलेला असायचा, त्यामुळे मला धड भांडताही यायचं नाही. या वेळी मात्र हळदीच्या संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर माझं मनगट धरलं आणि मला आपल्या शेजारी पंगतीत बसवलं. एवढ्या वर्षांनी तिला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं नाही. आमच्याकडे हळद म्हणजे मटण. तिने स्वतःच्या हाताने तीनदा वाढलं. “खा गो बाय, किती सुकलीस!” माझे डोळे भरून येत होते, पण एकदाही मी नको म्हटलं नाही.

त्यानंतर बेंजोच्या तालावर मी अशी नाचले, की गुडघे बोलायला लागले. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची एक गोळी घेतली, सकाळी उठून आणखी एक. लग्न संध्याकाळचं होतं आणि रक्ताची तारीख नेमकी त्याच सकाळची. घाईघाईने पनवेलला येऊन रक्त दिलं आणि परत मांडवात गेले. त्या गडबडीत पाणी प्यायचं कुणाला सुचतंय?

तर लाडू घेऊन आलेल्या वहिनीने दारातच माझा चेहरा बघितला, मग हातातली गोळी.

“काय झालं?”

मी सगळं सांगितलं. तिने लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला.

“बंद कर म्हनून डाक्टर बोलली?”

“नाही.”

“मंग तू कोन बंद करनारी? गिल आधी.”

आणि पाण्याचा पेला माझ्यासमोर धरला. मी निमूटपणे गोळी गिळली. ती रात्री माझ्याकडेच राहिली आणि सकाळी माझ्याबरोबर केंद्रावर आली.

डॉक्टर तरुण मुलगी. तिने जुने रिपोर्ट शेजारी मांडले आणि विचारलं, “रक्त दिलंत त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?”

मी सांगायच्या आत वहिनी म्हणाली, “मटन. मीच वाढलं. तीनदा.”

डॉक्टर हसली. भरपूर मटण खाल्लं, पाणी कमी पडलं, की हा आकडा तात्पुरता वर जातो, असं तिने समजावलं. एका आकड्यावरून किडनी खराब झाली असं कुणी ठरवत नाही, आपले आधीचे आकडे बघायचे आणि लघवीही तपासायची. दुखण्याच्या गोळ्यांचं ऐकल्यावर मात्र तिचा आवाज चढला. त्यांनीही किडनीवर ताण येतो, त्या न विचारता घ्यायच्या नाहीत आणि आमची गोळी न विचारता सोडायची नाही, असं तिने दोनदा बजावलं. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

आठवडाभर मी भरपूर पाणी प्यायले आणि भाजी-भाकरीवर राहिले. पुन्हा तपासणी झाली. लघवी स्वच्छ होती आणि आकडा एकवर आला होता. नेहमीची गोळी तशीच चालू ठेवायची, असं डॉक्टर म्हणाली. मी केंद्राच्या पायरीवर बसूनच वहिनीला फोन लावला.

“म्हंजे माझ्या मटनाचा दोष!” ती ओरडली.

“अर्धा माझ्या नाचण्याचा,” मी म्हटलं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की येणारेजाणारे वळून बघायला लागले.

मनात एक धाकधूक मात्र उरली होती. आता मटण नको, त्रास नको म्हणत ही पुन्हा माझा डबा भरायला लागली तर? तिला विचारायचा धीर मला काही होईना.

परवा तिचा फोन आला. धाकट्याचंही लग्न ठरलं आहे.

“भटजींनी दोन मुहूर्त काढलेत. तुझी रक्ताची तपासनी कवा हाय?”

“का गं?”

“ती झाल्यावरचा धरते. पंगतीत माझ्या बाजूला बसायचंय ना तुला?”

मी तारीख सांगितली.