सोड्यांबद्दल खरं कोण सांगणार

इफ्रा मुकादम कणकवलीच्या एका कॉलेजात बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. मालवणहून रोज एसटीने जाते. प्रवासात तिचं लक्ष बाहेर कमी आणि शेजारच्या बाईच्या पिशवीकडे जास्त असतं. या बाईने हाच साबण का घेतला, मालवणात मिळणारी बिस्किटं कणकवलीतून का नेते, असे प्रश्न तिला पडतात आणि ती ते विचारूनही टाकते. घरच्यांनी ही सवय मोडायचा प्रयत्न केव्हाच सोडला आहे.

घरचा धंदा सुक्या मासळीचा. आजोबा अलीमियाँनी तो उभा केला, ते गेल्यापासून वडील साजिद पाहतात. बांगडा, सुकट असतेच, पण नाव आहे ते सोड्यांसाठी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेल्या कोळंबीसाठी. पाऊस लागायच्या आधी, आगोटीला, अर्धं गाव त्यांच्याकडून सोडे भरतं. ते कायम उघड्या गोणीतून विकले जातात. इफ्राला ते बंद पाकिटात घालून विकायचे होते. पाकिटाचं चित्र तिने स्वतः काढलं होतं. साजिदने अट घातली: लोकांना हवं असेल तर यंदाचे सोडे तुझ्या पाकिटात, नाहीतर नेहमीसारखे गोणीत. कॉलेजला प्रकल्प हवाच होता. तिने तोच विषय घेतला, म्हणजे गुण आणि पाकीट, दोन्ही एकाच पाहणीवर आलं.

ती घरोघर गेली. मालवणात कुणी अनोळखी मुलगी अंगणात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तू कोणाची? इफ्राने तो टाळला नाही. उलट सुरुवातच तिथून केली. त्यामुळे कुठेही दार बंद झालं नाही.

"अलीमियाँची नात मां गो तू? बस, च्या घे," असं म्हणत बायका तिला बसवायच्या. सोडे कसे वाटतात, तर उत्तम. काही तक्रार, तर काहीच नाही. पाकिटात मिळाले तर घ्याल का, यावर एका आजींनी तिचीच समजूत काढली. "घेतलंव तर. नको कशाक म्हणतलंव?"

प्रकल्पाच्या मार्गदर्शक दीपिका सामंत यांनी सगळी उत्तरं वाचली आणि विचारलं, "यातला एकही माणूस नाही म्हणत नाही. माणसंच आहेत ना ही?"

इफ्राला चूक कळायला त्या दिवसाचा परतीचा प्रवास लागला. तिने मत विचारलं होतं आणि लोकांनी पाहुणचार केला होता. चहा आणि उत्तर एकाच बशीतून आलं होतं. अलीमियाँच्या नातीला तोंडावर नावं ठेवायची रीत गावात नव्हती. मग खरं काय असेल, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

तिची वर्गमैत्रीण किशोरी वैभववाडीजवळच्या गावची. घरी भात आणि काजू. तिचा प्रकल्प घरच्या काजूगरांवर होता आणि तिच्या गावातही सगळे खूश होते. दोघींनी गावं बदलायचं ठरवलं. इफ्रा वैभववाडीला गेली, किशोरी मालवणात आली. किशोरीलाही तू कोणाची हे विचारलं गेलं, पण वैभववाडीचं नाव घेतल्यावर कुणाला धागा लागेना. माहेर, आजोळ, मावशी, सगळं विचारून झालं. हिचं इथे कुणीच नाही हे पक्कं झाल्यावर मात्र बायका मोकळ्या बोलू लागल्या.

दोघी कणकवलीच्या स्टँडवर भेटल्या, तेव्हा आधी कुणी सांगायचं यावर अडलं. शेवटी इफ्राने सुरुवात केली. किशोरीच्या घरचे काजूगर भाजताना करपतात, असं तिच्या सख्ख्या शेजाऱ्यांचं म्हणणं होतं.

"कोण? ती खालच्या घरातली?" किशोरी म्हणाली. "दर वर्सा मागून नेता ती."

मग तिने हौसाबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. हौसाबाई म्हणजे मुकादमांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या होत्या, "पाकिटातलो सोडो कोण घेतलो? हातात घेवन मोडून बघूक होयो. आणि साजिदाचो सोडो हल्ली मोडणा नाय, वाकता." म्हणजे सोड्यांना उन्हं कमी पडतात. हे त्याला का सांगत नाही, असं किशोरीने विचारलं, तर उत्तर मिळालं, शेजारी आहे, तोंडावर कसं सांगायचं. बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालं होतं.

हे अहवालात गेलं की पाकीट गेलं. इफ्राला ते स्पष्ट दिसत होतं. आधीची गोड उत्तरं बापाला दाखवली असती, तर त्याला शंका येण्याचं कारण नव्हतं. पण ओलसर सोडे बंद पाकिटात किती दिवस टिकतील, हाही प्रश्न आता तिला पडला होता. तिने घरी जेवताना सगळं सांगून टाकलं.

साजिदने पाकिटाबद्दल काहीच विचारलं नाही. "कोण म्हणता ह्या?" एवढंच विचारलं.

"नाव सांगूचंय नाय, अब्बा. आज नाव सांगलंय तर फुडे कोण माका खरां सांगूचो नाय."

त्याने ओळखीची दोन-तीन नावं घेऊन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती भात कालवत राहिली. मग तो उठला, कोठीत गेला, गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातला एक सोडा काढून दोन बोटांत दाबला. तो वाकला. दुसराही वाकला. वाळवणीवर बाया ठेवल्यापासून सोडे कधी उचलायचे, हे तो त्यांच्यावरच सोपवत आला होता. सकाळी सगळ्या गोण्यांतले सोडे पुन्हा जाळ्यांवर पसरले गेले आणि ते उचलायला तो स्वतः उभा राहिला.

यंदाची आगोट उघड्या गोणीतूनच झाली. इफ्राचं पाकीट कागदावरच राहिलं. अहवालाच्या तोंडी परीक्षेत तिने स्वतःची पहिली पाहणी कशी फसली, यावरच जास्त वेळ घेतला आणि ती पास झाली. त्यानंतर साजिद एकदा आपण होऊन म्हणाला, "फुडल्या वर्सा पाकिटांचा बघूया. पण विचारूक तू जाव नको. त्या वैभववाडीच्या चेडवाक धाड. आणि तेका सांग, जेवक हयसरच ये."

निरोप इफ्राने अजून पोचवलेला नाही. किशोरी एकदा मुकादमांकडे जेवली की ती कोणाची, हे मालवणात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल.