झाकणावर बसलेली बाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खं गाव चावीबाई म्हणतं. कपाटाच्या चाव्या कमरेला लावून मिरवतात म्हणून नव्हे हो! त्या पाणीखात्यात आहेत. खांद्याला लागेल एवढी उंच लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, आत चावी घालून व्हॉल्व्ह पिळायचा आणि त्या गल्लीला पाणी सोडायचं. वेळ झाली की बंद. पूर्वी हे काम पुरुषच करायचे. पहिल्याच दिवशी कुणीतरी खवचटपणे विचारलं, "झेपेल का, बाई?" या म्हणाल्या, "तुमच्या घरी भरलेल्या बादल्या कोण उचलतं?"

यंदा धरणाने तळ गाठला. पाण्यातल्या मनोऱ्याचं एरवी नुसतं डोकं दिसायचं, तो पार पायापर्यंत उघडा पडला. खात्याने जाहीर केलं: दर तिसऱ्या दिवशी पाणी, नळाला पाइप लावायचा नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, क्लबचा पोहायचा तलाव कोरडा ठेवायचा. असली फर्मानं कोण मनावर घेतं? जाऊबाईंनी घेतली, आणि सुरुवात घरापासून केली. माझा बागेचा पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. माझे गुलाब डोळ्यांदेखत वाळले, म्हणून मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

एकदा तर भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, अंगभर साबण लावून उभे, आणि नळ गेला. आमच्या गल्लीची वेळ संपली होती ना! भाऊजी टॉवेलने फेस पुसून कामावर गेले आणि दिवसभर खाजवत बसले. "घरच्यांना आधी सांगायला काय झालं होतं?" असं मी फणकाऱ्याने विचारलं. "मग शेजारच्यांनी काय घोडं मारलंय?" जाऊबाई म्हणाल्या. आता या बाईशी वाद घालायचा कसा, सांगा!

त्यांचा सगळा जीव टेकडीवरच्या गल्लीत. तिथे पाणी चढायचं तर खालचे सगळे व्हॉल्व्ह घट्ट बंद लागतात. एखादा जरी उघडा राहिला तरी वरच्या नळांतून नुसती हवा फुसफुसते आणि बायका रिकाम्या बादल्यांपुढे बसून राहतात. त्या गल्लीत यांचं ना माहेर, ना मैत्रीण. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "खालचे निदान माझ्याशी भांडतात तरी. वरच्यांच्या घशाला कोरड, ते कशाने भांडतील?"

एवढं करून बाई अजून हंगामीच. इतक्या वर्षांत कायम केलं नव्हतं. मध्यंतरी भाऊजींचे गुडघे गेले, त्यांचं काम सुटलं, आणि सगळं घर त्या एका सहीकडे डोळे लावून बसलं. कायम करायचा कागद पाणीखात्याच्या साहेबांच्या टेबलावर पोचला होता. आणि नेमका तेव्हाच साहेबांचा फोन आला.

टेकडीच्या पाळीचा दिवस होता. क्लबात पोहण्याच्या स्पर्धा, मोठे पाहुणे येणार, तेव्हा टेकडी बंद करून क्लबचं पाणी सोडा, असा हुकूम. दोन्ही व्हॉल्व्ह चौकात एकाच झाकणाखाली आहेत. जाऊबाई म्हणाल्या, "नाही जमायचं," आणि फोन ठेवला.

मी भाजी चिरत होते, ती टाकून उठले. "अहो, सही राहिलीय! अशाने नोकरीवर पाणी सोडाल!"

"नोकरीवर सोडेन," पायात चप्पल सरकवत त्या म्हणाल्या. "क्लबात नाही सोडणार."

त्यांनी टेकडीचा व्हॉल्व्ह उघडला, झाकण लावलं आणि त्यावर मांडी ठोकून बसल्या. चावी मांडीवर आडवी. मी मागोमाग गेले होते, त्यांना ओढून घरी आणायला. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. गाडी काय चकचकीत, धुतलेली! बघूनच माझं डोकं तडकलं. माझे गुलाब वाळले ते यांच्या गाडीसाठी?

"चावी द्या," साहेब म्हणाले.

"घ्या की. सरकारी आहे."

"आता उठा. झाकण उघडायचंय."

"झाकणही सरकारी आहे, ते उघडा हवं तर. पण वर बसलेली बाई सरकारी नाही. तिला तुम्ही अजून कायम केलेलं नाही."

चौकातली माणसं खो खो हसली. साहेबांचा चेहरा पडला. बाईमाणसाला हात लावून उठवायची कुणाची छाती होईना. टेकडीची वेळ संपेपर्यंत जाऊबाई उन्हात बसून राहिल्या, आणि वरच्या बादल्या भरल्या.

"उद्यापासून येऊ नका," एवढं म्हणून साहेब चावी घेऊन निघून गेले.

घरी मी रडले, त्या नाही. भाऊजी म्हणाले, "बरं झालं, आता निदान साबण तरी धुऊन होईल." त्यावर त्या हसल्या. पण जेवताना मी बघत होते, त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मला इतका संताप आला की मी ताट सारून उठले.

स्पर्धा काही रद्द झाल्या नव्हत्या, नुसत्या पुढे ढकलल्या होत्या. टेकडीची पुढची पाळी आली. नव्या माणसाने सकाळी टेकडीचा व्हॉल्व्ह उघडला खरा, पण थोड्याच वेळात तो बंद करून क्लबचा उघडायला चावी खांद्यावर टाकून पुन्हा चौकात आला, मागे तीच चकचकीत गाडी. झाकणावर मी बसले होते.

साहेब वैतागले. "आता तुम्ही कोण?"

"चावीबाईंची धाकटी जाऊ."

"कुठल्या खात्यात आहात?"

"कुठल्याच नाही. घरी असते. स्वयंपाक करते, भांडी घासते. आता मला कामावरून काढून दाखवा बघू!"

नवा माणूस तोंड फिरवून हसला. साहेब फोन लावायला लागले. मी पदर खोचून झाकणाच्या कडेला तशीच बसून राहिले. इतक्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"अगं, कडेला काय बसलीस? डुगडुगतं ते. नीट मधोमध बस, आणि मला जागा दे."