धर्माची गाडी आणि रघुची बशी

रघु सातार्डेकर चहा पितो तेव्हा चिंचपोकळीच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना कळतं. बशीत ओतलेल्या चहाचा तो असा काही भुरका मारतो, की भिंतीपलीकडे लेथवर काम करणारा मी दचकतो. कित्येक वर्षं सांगतोय, अरे, माणसासारखा पी. तो म्हणतो, "हितू, चाय आसा ती, औषध नाय." या भुरक्यावरून आमची भांडणं झालीत, अबोले झालेत. तरी सांगतो, या गिरणगावात ज्याला मी मनातल्या मनात हात जोडतो, तो माणूस हाच. त्याच्या तोंडावर मात्र हे मी मेलो तरी बोलणार नाही.

रघुचा धंदा ट्रॉलीचा. गणपतीच्या मोठाल्या मूर्ती ज्या लोखंडी गाड्यांवरून चौपाटीला जातात, त्या तो बनवतो. बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गिरणी बंद पडली तेव्हा घरात वेल्डिंग शिकलेला हा एकटाच. पहिली ट्रॉली त्याने आपल्याच चाळीच्या गणपतीसाठी केली, मग आजूबाजूची मंडळं येत गेली. त्याच्या ट्रॉलीवरच्या मूर्तीचं आजवर साधं बोटही तुटलेलं नाही. त्याची एक पद्धत आहे. मूर्ती चढवायच्या आधी तो स्वतः ट्रॉलीवर मांडी घालून बसतो, हातात काठोकाठ भरलेली बशी घेतो आणि मंडळाच्या पोरांना म्हणतो, "ढकला रे." चहा सांडला की ट्रॉली परत खोलायची. नाही सांडला, तर तिथेच वर बसून भुरका.

चौपाटीवर त्याची ट्रॉली वाळूत थांबायची आणि पुढचं काम धर्मा वैतीचं. धर्मा माझगावचा कोळी. नोकरी गोदीत फिटरची, पण विसर्जनाला तराफा घेऊन हजर. रघु म्हणायचा, "घे धर्मा, पोचवली." धर्मा म्हणायचा, "आता माझ्याकडं." एवढंच. दोघांची गाठ बहुतेक वर्षातून एकदाच पडायची. पण मैत्री अशी, की धर्मा गेला तेव्हा रघु आठवडाभर दुकानाचं शटर अर्धंच उघडत होता.

धर्माने मागे ठेवली एक गाडी. माझगावच्या एका बंगल्याच्या मागे गंजत पडलेली, दोन सीटची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. बंगल्याचा मालक परदेशी निघाला आणि जाताना ती धर्माला देऊन गेला. कमरेएवढी उंच, आणि वजन म्हणाल तर चार पोरं पुढून उचलतील इतकं. धर्माने सुट्टीच्या दिवशी खपून इंजिन चालू केलं, ब्रेक केले, मागची बाजू केली. आणि एकविरा आईला नवस बोलून बसला, की गाडी रस्त्यावर आली की पहिली कार्ल्याला आणीन, बायकोला शेजारी बसवून. पुढची चाकं खोलली आणि तेवढ्यात माणूसच गेला.

त्याची बायको रखमा. मासळीच्या पाट्या वाहून वाहून तिची कंबर कामातून गेलेली. लोकांनी तिला सांगितलं, अगं, ट्रेनने जा, देवी रागवायची नाही. ती कोणाचं ऐकेना. "नवस गाडीचा हाय. त्याचा शब्द आईकडं अडकून पडलाय," एवढंच म्हणायची. ही गोष्ट तिला आतून खात होती, ते तिच्याकडे बघून कळायचं.

शेवटी तिची मुलगी, नाव पूर्वी, गाडी टेम्पोत घालून रघुकडे घेऊन आली. पूर्वी परळला एका मोठ्या ऑफिसात कामाला, पण बापाच्या हाताखाली पाना-पक्कड फिरवत वाढलेली. तिने सगळा अभ्यास करून ठेवला होता. "काका, हिचे नवे पार्ट मिळणार नाहीत, आणि जुनं डिझाइन तसंही कमजोर आहे. लहान हॅचबॅकचे चाकांना धरणारे खालचे आर्म आणि बॉल जॉइंट हिला बसू शकतात. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचं तुम्ही बघा."

"मी ट्रॉलीवाला गो. माका मोटारीतला काय कळता?"

"बाबा म्हणायचे, वजन न हलवता न्यायचं तर रघुनेच."

दोघं कुर्ल्याच्या भंगारात जायला लागली. तिथे रघुला बघणं हा एक सोहळा होता. प्रत्येक शॉकअब्सॉर्बर हाताने दाबायचा, सोडायचा, कान लावायचा आणि नाक मुरडून परत ढिगात टाकायचा. भंगारवाला वैतागून म्हणाला, "चाचा, शादी करनी है क्या इससे?" आर्म पूर्वीने मापून घेतले, एक केसभर वाकडा निघाला तोही तिनेच पकडला. स्प्रिंगा बसवायच्या वाट्या आणि बुश मी लेथवर काढून दिले. बिल लावलं नाही, पण चार शिव्या दिल्या.

स्प्रिंगा मात्र रघुने स्वतः निवडल्या. एका माल वाहणाऱ्या टेम्पोच्या, जाडजूड. मी म्हटलं, "रघ्या, या स्प्रिंगा आहेत की मोडेन पण वाकणार नाही?" तो म्हणाला, "भक्कम असलेला बरा. जन्मभर हाच केलंय." मग गाडीत बसला, बशी भरून घेतली, आम्ही गल्लीतून ढकललं. एक थेंब सांडला नाही. भुरका ऐकून शेजारची कुत्री उठली.

त्या रविवारी माझगावला रखमा नवी साडी नेसून, मांडीवर ओटीचं सामान घेऊन गाडीत बसली. पूर्वीने गाडी वाटेतल्या पुलावर घेतली आणि वेग दिला. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उडायला लागली. भायखळ्याला पोचेपर्यंत रखमाच्या डोळ्यांतून पाणी. "थांबव," ती म्हणाली, उतरली आणि ओटी छातीशी धरून कमरेवर हात ठेवत घरी चालत गेली. पूर्वी गाडी घेऊन एकटी परत आली. "आई म्हणते, एकविरा आईची इच्छा नसेल. परत बसणार नाही म्हणते."

रघु खाली बसला. चाकाआड हात घालून एकेक स्प्रिंग चाचपायला लागला.

चूक कुठे झाली तेच त्याला कळेना. बशी तर खोटं बोलत नाही! मग गणपती आले, आणि हा त्याच्या धंद्यात बुडाला. गाडी दुकानात ताडपत्रीखाली. मूर्ती गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाक्यावर उभे होतो आणि चौपाटीवरून एक रिकामी ट्रॉली परत येत होती, जीपच्या मागे बांधलेली. लालबाग-परळच्या माणसाला हा आवाज पाठ असतो. जाताना मूर्तीच्या वजनाखाली निमूट गेलेली ट्रॉली येताना खडाड-खडाड आपटत, उड्या मारत येते. आम्ही तो आवाज ऐकला की हात जोडतो, देव गेला म्हणून.

रघुने हात जोडले नाहीत. तो त्या ट्रॉलीच्या मागे धावला. साठीचा माणूस, लेंगा वर धरून! सिग्नलपर्यंत जाऊन धापा टाकत परत आला.

"हितू, काल हीच ट्रॉली लोण्यासारखी गेली. आज का उडता?"

"वजन नाही म्हणून. आणि जीपवाला हाणतोय."

"मग धर्माची गाडी काय आसा? रिकामी ट्रॉलीच ना!" त्याने कपाळावर हात मारला. "मूर्तीच्या वजनाची स्प्रिंग घातली मी तिका. दबतली कशी ती? आणि बशी घेऊन बसलो, ती गणपतीच्या चालीन. गणपती चालत जाता रे. आपली पूर्वी काय चालत जातली?"

मला सांगा, साठीला आलेला माणूस, ज्याचा शब्द अख्ख्या गिरणगावात मानतात, तो आपली पद्धत चुकली असं भर नाक्यावर, पानवाल्यासमोर कबूल करतो. किती जणांना जमेल? मला नाही जमणार. माझं माप चुकलं तर मी लोखंडाला नावं ठेवतो.

दुपारी त्याने पूर्वीला फोन केला. दोघं परत भंगारात गेली आणि जाताना तिने गाडीच्या पुढच्या भागाच्या वजनाचा आकडा नीट काढून घेतला. या वेळी रघुने सगळ्यात हलक्या गाडीच्या, बोटाने दबतील की काय अशा स्प्रिंगा शोधल्या. शॉकअब्सॉर्बरही बदलले, मऊ दाबाचे घेतले. पण डाव्या-उजव्याची जोडी तंतोतंत एक जुळेपर्यंत हलला नाही. मी वाट्या पुन्हा काढल्या. शिव्या पुन्हा दिल्या.

बशी त्याने या वेळी घेतलीच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "हितू, तुझी कंबर पण गेलेली आसा ना? बस."

म्हणजे चहाच्या जागी मी! पूर्वीने मला त्याच पुलावरून नेलं, त्याच वेगाने. प्रत्येक सांध्याला मी डोळे मिटून घेत होतो. पहिल्या दिवशी बरं होतं, पण उतारावर पुढून झोका येत होता. तेवढं सांगितलं, तर यांनी गाडी परत खोलली. मला पुन्हा नेलं, परत खोलली. तिसऱ्यांदा पुलाचा सांधा कधी गेला ते मला कळलं नाही. उतरलो तेव्हा रघु नाक्यावर उभाच होता. मी म्हटलं, "चालेल." माझ्या तोंडून त्याला एवढी स्तुती आजवर मिळाली नव्हती.

रखमाला सांगायला तो स्वतः माझगावला गेला. "वैनी, गेल्या खेपेक माझी चूक झाली. देवीची इच्छा-बिच्छा काय नव्हती, माझी स्प्रिंग चुकीची होती. एकदा बसा. भायखळ्यापर्यंत. दुखला तर उतरा."

रखमाने ठेवून दिलेलं ओटीचं सामान बाहेर काढलं. मग म्हणाली, "तुमी सांगताव म्हणून बसते, भावजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझगावहून गाडी निघाली. भायखळ्याची वेळ टळली. फोन नाही. दुपार झाली. रघुने त्या दिवशी एक वेल्डिंग धड केलं नाही. गल्लीच्या तोंडाकडे कान. मला कळत होतं तो काय ऐकतोय ते, कारण मीही तेच ऐकत होतो.

ऊन कलल्यावर गाडी आली. ती वळून आत आल्यावरच आम्हाला दिसली, आवाज असा आलाच नाही. पूर्वीच्या कपाळाला मळवट. शेजारी रखमा, तिच्याही कपाळाला मळवट, मांडीवर अर्धा नारळ, मान एका बाजूला कललेली. झोपली होती. गाढ.

"डोंगराच्या पायऱ्या तिला झेपल्या नसत्या, पायथ्याशीच ओटी ठेवली, काका. तिथून बसली ती, घाट उतरायच्या आत झोपली," पूर्वी हळूच म्हणाली. "बाबा गेल्यापासून आई कमरेमुळे अशी झोपलेली मी बघितली नाही. आई, ऊठ..."

रघुने हात वर केला. "नको. झोपू दे तिका."

तो गाडीपाशी गेला, वाकून पुढच्या चाकावर हात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "घे धर्मा, पोचवली." मला ऐकू आलं, पण मी लेथकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत लोखंडाचा कीस गेला होता असं समजा.

नाक्यावरून चहा आला. रघु गाडीशेजारी स्टुलावर बसला, बशीत चहा ओतला आणि ती ओठांना लावली. मी सवयीने दात आवळून बसलो. पण रखमा शेवटपर्यंत झोपूनच होती, आणि सगळी बशी संपली तरी भुरक्याचा आवाज आला नाही.