चालत्या ऑटोतलं नाटक

मुन्नाचा फोन आला तेव्हा मी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीतले श्वास कापत होतो. बोलणारा माणूस दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेतो. तो भोंग्यातून फार मोठा ऐकू येतो, म्हणून आम्ही रेकॉर्डिंगमधून तो आधीच काढून टाकतो. मुन्ना आमचा ऑटोवाला. त्या सकाळी तो बाभुळगावच्या पुढच्या एका खेड्यात प्रचाराला गेला होता.

"सदाभाऊ, लोकायनं ऑटोची चाबी काढून घेतली," तो म्हणाला. "म्हणते, धुऱ्यावर कोन पडलं ते सांग, मंगच जाय."

"बांधावर कोण पडलंय?"

"कोनीच नाई ना बाप्पा. तुमच्या नाटकातला माणूस पडला."

मी कापाकापी तशीच सोडून उठलो. फोन वाजला की मला तसंही वाटतं, माझंच काही चुकलं. पण या वेळी त्याला कारण होतं.

आमचा स्टुडिओ यवतमाळला, एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या कापसाच्या गाद्या, एक माइक, एक कॉम्प्युटर. मालक रफीकभाई. आमचं मुख्य काम फिरत्या प्रचाराचं. ऑटोच्या टपावर भोंगे बांधायचे, पेन ड्राइव्हवर क्लिप भरायची आणि ती लूपवर, म्हणजे संपली की आपोआप पुन्हा सुरू होईल अशी लावून गावोगाव फिरवायची. सेल लागलाय, डोळ्यांचं शिबिर आहे, कोणाचा तरी वाढदिवस आहे. हे सगळं माझ्या आवाजात तुम्ही ऐकलं असेल, जर तुम्ही नेर ते यवतमाळ या पट्ट्यात राहत असाल तर.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, आजऱ्याचा. सातवीनंतर शाळा सुटली. एका ऑर्केस्ट्राबरोबर वायरी गुंडाळत हिंडलो. तो ऑर्केस्ट्रा यवतमाळात मोडला तेव्हा परतीच्या गाडीभाड्याचीसुद्धा सोय नव्हती. रफीकभाईंनी विचारलं, काय येतं? मी म्हटलं, ऐकायला येतं. ते हसले आणि मला ठेवून घेतलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही ते मला जिन्यावरून हाक मारतात तेव्हा मला वाटतं, आज सांगणार, सदाशिव, जा बाबा तुझ्या गावाला. अजून सांगितलेलं नाही.

त्या पावसाळ्यात एक मोठं काम आलं होतं. शेतकऱ्यांसाठी काम करणारी एक संस्था होती. फवारणी करताना तोंडाला मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, हे तिला गावोगाव सांगायचं होतं. संस्थेच्या सरनाईक मॅडम पुण्याहून येऊन इथेच राहिलेल्या. त्यांनी सूचनांचा कागद दिला. मी तो वाचला आणि म्हटलं, मॅडम, हे वाचून दाखवलं तर लोक बैलाला पाणी पाजता पाजता ऐकतील आणि विसरतील. आपण याचं नाटक करू. रेडिओवर व्हायचं तसं.

एवढ्या ठामपणे मी सहसा बोलत नाही. पण रेडिओ नाटकाच्या बाबतीत माझा मलाच भरवसा आहे. आमच्या गावात गोपाळ शिंप्याच्या दुकानात रेडिओ होता. नाटक लागायची वेळ झाली की गोपाळकाका मशीनच्या पायट्यावरून पाय काढायचे. तेवढी एकच वेळ ते मशीन थांबायचं. आम्ही पोरं कापडाच्या चिंध्यांवर बसायचो, मोठी माणसं पायरीवर. कोणी बोललं तर गोपाळकाका कात्री नुसती फळीवर आपटायचे. रेडिओतली बाई पायऱ्या उतरायची आणि तिच्या बांगड्यांवरून आम्हाला कळायचं की ती घाबरलेली आहे. दार करकरलं की माझ्या शेजारचा पांडू माझा दंड धरायचा. शाळेतलं मी फारसं काही आठवू शकत नाही. त्या बांगड्या आठवतात.

मॅडम म्हणाल्या, "चालेल, पण छोटं हवं. आणि शेवट सूचनांवर करा." रफीकभाईंनी त्यांना सांगितलं, "लडका लिखेगा, मेरी जिम्मेदारी." मी पन्नाशीला आलोय, पण त्यांच्यासाठी लडकाच. गोष्ट अशी होती की हे पहिलं काम जमलं, तर पूर्ण हंगामाचं काम आमच्याकडे. नाही जमलं, तर नागपूरचा एक मोठा स्टुडिओ तयारच होता. रफीकभाईंनी माझ्यासाठी जबान दिली होती. ती खोटी ठरली असती तर त्यांनी मला काढलं नसतं, पण मलाच त्यांच्याकडे बघता आलं नसतं. आणि सातवी पास माणसाला दुसरा कोण कॉम्प्युटरवर बसवणार?

नाटक मी लिहिलं. नवरा घाईने, उघड्या अंगाने फवारतो. बायको अडवते, तो ऐकत नाही. थोड्या वेळाने ती भाकर घेऊन येते तर तो आडवा. ती मदतीला हाका मारते. मग सूचना. सूचनांच्या आधी दवाखान्यातला एक छोटा प्रसंग होता, तो लांबी जास्त होते म्हणून मॅडमनी काढायला लावला. बायकोचं काम वंदनाताईंनी केलं. त्या इथल्याच, अंगणवाडीत आहेत, आवाज खणखणीत. माझं लिहिलेलं वाचून त्या म्हणाल्या, "सदाभाऊ, हे कोन्या गावची बाई बोलून राह्यली? बांधावर नाई, धुऱ्यावर पडते आमच्याकडे माणूस." मग सगळी वाक्यं त्यांनी त्यांच्या तोंडात बसवून घेतली. आवाजासाठी मी खरा पंप आणून पाणी भरून मारला. पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकातून चालण्याचा आवाज सुपात वाळका पालापाचोळा घेऊन काढला. वंदनाताईंनी हाका मारल्या तेव्हा खालच्या मोबाइलच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून वर आला. मी खूश झालो. तेव्हाच शंका यायला हवी होती.

तर मुन्नाचा फोन. रफीकभाईंनी स्कूटर काढली, मी मागे बसलो. वाटेत ते एवढंच बोलले, "मॅडम को फोन किया मैंने. वो भी आ रही है." बाकी रस्ताभर मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

गावात पोचलो तर ऑटो मारुतीच्या देवळापाशी उभा, भोवती माणसं. मॅडमची गाडी आमच्या आधी आलेली. काय झालं ते हळूहळू कळलं. ऑटो चालता असतो. भोंगा एका घरासमोर येतो आणि पुढे जातो. देवळापाशी लोकांनी नवराबायकोची थट्टा ऐकली आणि हसले. मधल्या आळीने पंपाचा आवाज ऐकला. आणि शेताकडच्या शेवटच्या घरांना ऐकू आलं ते एवढंच, एक बाई जीव तोडून ओरडतेय, "कोनी या हो, माणूस धुऱ्यावर पडला माहा!" आवाज इथल्या बाईसारखा, शब्द इथले. अर्धी आळी शेताकडे धावली. कोणी मोटरसायकल काढली, कोणी खाट उचलली. शेतात जाऊन बघतात तर कोणीच पडलेलं नाही. परत येईपर्यंत मुन्ना गावाला वळसा घालून पुन्हा तिथेच आला होता आणि भोंग्यात ती बाई पुन्हा ओरडत होती.

आमच्यापैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं. मी लहानपणी रेडिओ बसून ऐकला होता. रेडिओही जागचा हलत नव्हता. मी तेच नाटक चाकांवर चढवलं होतं.

सरपंच मॅडमना सांगत होते की असली चेष्टा पुन्हा या गावात नको. मॅडम ऐकून घेत होत्या. मग त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "सदाशिव, साध्या सूचनाच वाचायला हव्या होत्या. बाकीच्या गावांचं आपण थांबवू या." रफीकभाईंनी रुमालाने मान पुसली. मला तो रुमाल अजून दिसतो.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. पायात चप्पल नाही, पदर कमरेला खोचलेला, घोट्यापर्यंत चिखल. तिचं नाव शोभाताई. तिचा नवरा त्या दिवशी खरंच फवारायला गेलेला होता.

"कोनं लिहिलं हे?" तिने विचारलं.

मुन्नाने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता ही बाई मारणार.

"मी अशीच्या अशी धावत गेली," ती म्हणाली. "थो तिकडं मजेत फवारून राह्यला, उघडा. मले म्हणते, काहून आली? आता मले पुरं आयकवा. कायच्यासाठी धावली मी, थे त समजू द्या."

सरपंच म्हणाले, "जाऊ दे ना शोभे, झालं आता."

"तुमाले जाचं असन त जा भाऊ. धावली मी."

कोणीतरी हसलं. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि मुन्नाला म्हणाल्या, "इंजिन बंदच राहू द्या. इथंच उभं राहून, पहिल्यापासून लावा."

मुन्नाने चावी मागून घेतली, पण इंजिन बंदच ठेवलं आणि भोंग्याचा आवाज कमी केला. लोक देवळाच्या ओट्यावर, उभ्या ट्रॉलीच्या दांडीवर, जिथे जागा मिळेल तिथे टेकले. थट्टेच्या वाक्याला पुन्हा हसले. पंपाचा आवाज आल्यावर एक म्हातारा म्हणाला, बॅटरीचा नाही, हातपंप आहे. बरोबर होतं. मग वंदनाताईंची हाक आली. आता सगळ्यांना माहीत होतं की हे नाटक आहे. तरी कोणी हललं नाही. मी माझ्याच नाटकाकडे पाठ करून लोकांचे चेहरे बघत होतो, आणि खरं सांगतो, तेवढ्या वेळात मला ना नागपूरचा स्टुडिओ आठवला ना माझी सातवी.

हाक संपली. माझा आवाज सुरू झाला, शेतकरी बंधूंनो, मास्क वापरा.

"थांबा," शोभाताई म्हणाली. "वाचला का?"

मुन्नाने क्लिप थांबवली.

"थो माणूस वाचला का नाई?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, ती पुढे माहिती आहे, ती महत्त्वाची—"

"माहिती आयकतो ना मॅडम. आदी थो वाचला का, थे सांगा."

त्यावर मला एकदम गोपाळकाकांचं दुकान आठवलं. एकदा रेडिओवर विहिरीत पडलेल्या मुलीचं नाटक लागलं होतं. गावातली माणसं दोर सोडत होती आणि नेमके सेल उतरले. आवाज जड झाला, मग खरखर, मग काहीच नाही. गोपाळकाकांनी सेल काढून दाताने चावले, पुन्हा घातले, तोवर बातम्या लागल्या होत्या. ती मुलगी वर आली की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. पांडूने तेव्हा सांगितलं होतं, आली असणार. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

मी ऑटोत चढलो आणि माइक घेतला. तोंडाने चालू घोषणा करायची असेल तर असावा म्हणून ऑटोत एक माइक असतोच. मॅडमनी काढायला लावलेला दवाखान्याचा प्रसंग मला पाठ होता. मी निवेदकाच्या आवाजात सांगायला लागलो. बायकोने आणि दिराने त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, कोणतं औषध फवारत होता, डबा आणलाय का? डबा शेतातच राहिला होता. मग दीर पुन्हा मागे गेला. तो येईपर्यंत बायको दाराशी उभी. डॉक्टरांचं बोलणं मी माझ्या भाषेत केलं, दिराचं इथल्या. ती कोल्हापुरी वऱ्हाडी ऐकून लोक हसले, पण कोणी उठलं नाही. डबा आला, डॉक्टरांनी त्यावरचं नाव वाचलं, इलाज सुरू झाला. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, पंप कुठं आहे? बायको म्हणाली, पंप जाऊ द्या, अंगात सदरा घाला.

बायकांमध्ये हशा झाला. शोभाताई नाही हसली. ती म्हणाली, "हं. आता सांगा तुमची माहिती."

मुन्नाने सूचना लावल्या. लोकांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या. एकाने मॅडमना विचारलं की मास्क कुठे मिळतो. हातपंपवाल्या म्हाताऱ्याने विचारलं की रिकाम्या डब्यात पाणी भरलं तर चालतं का. मॅडम उत्तरं देत तिथेच ओट्यावर बसल्या. जाताना सरपंच म्हणाले, पुढच्या वेळी आधी मला फोन करा, मी माणसं बसवून ठेवतो.

गाडीत बसताना मॅडम मला म्हणाल्या, "तो प्रसंग परत टाका. लांबी वाढली तरी चालेल. आणि ऑटो फिरवायचा नाही, चौकात लावायचा." म्हणजे काम आमच्याकडेच राहिलं. रफीकभाईंनी स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, "बैठ, लडके. तेरे देवर की बोली सुधार, मरीज भाग जाएगा." त्या वर्षी पूर्ण हंगामाचं काम आम्ही केलं. दिराचं काम मात्र इथल्याच एका माणसाकडून करून घेतलं.

पुढे मुन्ना एकदा त्या गावावरून आला. त्याने सांगितलं की शोभाताईचा नवरा आता सदरा घालून फवारतो. बाह्या बंद. मास्क मात्र गळ्यात लोंबत असतो. तर आमच्या नाटकाचं यश एका सदऱ्याएवढं. मी ते कमी मानत नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. नाटक ऐकवायचं असेल तर आधी इंजिन बंद करा. आणि माणूस वाचला की नाही हे सांगितल्याशिवाय सूचना वाचायला घेऊ नका.